भाव, हक्क आणि लायकी : खेळाडूंच्या कोटींचा हिशेब

मंडळी, आजचा प्रश्न साधा आहे. मोठ्या खेळाडूंना जे कोट्यवधी रुपये मिळतात, त्याला ते लायक असतात का? संगमनेरात हा प्रश्न विचारला की उत्तर लगेच येतं, कारण अजिंक्य रहाणे आपल्याच तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. आपल्या माणसाला मिळतंय, तर मिळू द्या की! ही आपुलकी आपण थोडा वेळ बाजूला ठेवू. उदाहरण मात्र रहाणेचंच घेऊ, कारण सगळी गोम त्यातच आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला आयपीएलचा लिलाव झाला. ऋषभ पंतला लखनौने २७ कोटींना घेतलं. कोलकात्याने वेंकटेश अय्यरसाठी २३ कोटी ७५ लाख मोजले. रहाणेवर पहिल्या फेरीत कुणीच बोली लावली नाही. नंतर कोलकात्यानेच त्याला मूळ किमतीला, म्हणजे दीड कोटीला घेतलं. पुढे कर्णधार झाला रहाणे आणि उपकर्णधार अय्यर. २०२५ च्या हंगामात कोलकात्याकडून सर्वाधिक धावाही रहाणेच्याच. भाव हेच लायकीचं माप मानलं, तर उपकर्णधार कर्णधाराच्या जवळजवळ सोळापट लायक ठरतो. असं कुठला क्रिकेटवेडाही म्हणणार नाही.

लिलाव म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला शिकवायला नको. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या कॅरेटने दोन हजारांचा आकडा ओलांडला. काही आठवड्यांतच भाव खाली आले. टोमॅटो तोच, शेतकरी तोच, घामही तेवढाच. त्या दिवशी माल किती होता आणि घेणाऱ्याला निकड किती होती, एवढंच भाव सांगतो. अय्यरच्या बाबतीत कोलकाता आणि बंगळुरू दोघेही अडून बसले, म्हणून आकडा चढत गेला. यात अय्यरची चूक नाही, आणि रहाणेचा कमीपणाही नाही.

यावर पहिला बचाव येतो तो कष्टाचा. ‘लहानपणापासून पहाटे उठून घाम गाळलाय हो त्यांनी!’ खरं आहे. पण पहाटे आपला दूधवालाही उठतो, आणि डेअरीत त्याला भाव मिळतो तो फॅट आणि एसएनएफवर. ऊसतोड कामगाराच्या कष्टाला कोण कमी म्हणेल? दुसरा बचाव असा, की खेळाडूची कारकीर्द फार थोडी असते. ती तर कुस्तीगिराचीही थोडीच असते. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जाताना त्यांना लोकांकडून पैसे गोळा करावे लागले, आणि पुढे त्यांनी पोलीस खात्यात नोकरी केली. कष्ट, गुण, अल्प कारकीर्द, सगळं होतं. त्यांच्या खेळामागे बाजार तेवढा नव्हता.

तिसरा बचाव जास्त वजनदार आहे. तो रॉबर्ट नोझिक या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७४ साली ‘अनार्की, स्टेट अँड युटोपिया’ या ग्रंथात मांडला. विल्ट चेंबरलेन हा बास्केटबॉलचा बडा खेळाडू. समजा, त्याचा खेळ पाहायला येणारा प्रत्येक जण पंचवीस सेंट वेगळ्या पेटीत टाकतो, खास त्याच्यासाठी. हंगामात दहा लाख लोक येतात आणि त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमतात. लोकांनी खुशीने दिले, मग अन्याय कुठे झाला?

या युक्तिवादावर आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला आक्षेप नोझिकपेक्षा त्याचं नाव घेणाऱ्यांवर आहे. नोझिकने हक्क सिद्ध करायचा प्रयत्न केला, लायकी नव्हे. वडिलांनी दिलेल्या जमिनीवर मुलाचा हक्क असतो. त्याने ती कमावली, असं आपण म्हणत नाही. दुसरा आक्षेप त्या पेटीवर आहे. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रसारण हक्कांना ४८,३९० कोटी रुपये आले. हा पैसा जाहिरातींतून वसूल होतो, आणि जाहिरातीचा खर्च साबणाच्या, शीतपेयाच्या किमतीत मिसळलेला असतो. ज्या आजीने आयुष्यात सामना पाहिला नाही, तिचाही रुपया त्यात जातो. तिने तो खुशीने पेटीत टाकला, असं कसं म्हणायचं?

याउलट आपल्या यात्रेतला कुस्त्यांचा आखाडा बघा. तिथे पैसा डोळ्यांसमोर असतो. गाव वर्गणी काढतं, शेवटच्या कुस्तीला मोठं इनाम लावतं. पण त्याच मातीत आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्याही लागतात. मोठ्या पैलवानाचं इनाम कुणी हिसकावत नाही. आखाडा मात्र गावाचा आहे, हे तोही जाणतो.

आता खेळाडूंवर राग काढणाऱ्यांसाठी एक हिशेब. वर सांगितलेली रक्कम वर्षाला साधारण ९,६७८ कोटी पडते. २०२५ मध्ये दहा संघांना खेळाडूंसाठी प्रत्येकी १२० कोटींची मर्यादा होती, म्हणजे एकूण १,२०० कोटी. सामन्यामागचं साडेसात लाखांचं मानधन धरलं, तरी नुसत्या प्रसारणाच्या उत्पन्नाचा सातवा हिस्सा भरत नाही. अमेरिकेच्या एनबीएत बास्केटबॉलच्या उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा करारानेच खेळाडूंकडे जातो. म्हणून प्रश्न विचारायचा तर पैशाच्या सगळ्या वाटेला विचारा. मंडळाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्त्रियांना पुरुषांइतकंच सामन्याचं मानधन जाहीर केलं, हे चांगलंच झालं. पण २०२४-२५ च्या वार्षिक करारात पुरुषांची वरची श्रेणी ७ कोटींची आणि स्त्रियांची ५० लाखांची होती. हा फरक लायकीचा म्हणायचा का?

मग निष्कर्ष काय? कराराने ठरलेला पैसा खेळाडूच्या हक्काचा आहे. तो त्याला मिळालाच पाहिजे. पण ‘मी लायक, म्हणून एवढे’ हे वाक्य टिकत नाही. आणि ते टिकत नसेल, तर त्या पैशावर भरपूर कर लावणं, त्यातला वाटा तालुक्याच्या मैदानांना, मुलींच्या संघांना, कुस्ती-कबड्डीला देणं, यात खेळाडूचा अपमान होत नाही. ते आखाड्याचं देणं आहे.

आमच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट घराघरांतली आहे. आज कितीतरी आईवडील पोटाला चिमटा काढून पोराला क्रिकेट अकॅडमीत घालतात. त्यांतल्या बहुतेकांवर कधीच बोली लागणार नाही. भाव म्हणजेच लायकी, असं आपण त्या पोरांना शिकवलं, तर ज्याला भाव आला नाही तो स्वतःला नालायक समजेल. त्याला एवढं जरूर सांगा, की जेद्दाहच्या पहिल्या फेरीत रहाणेवरही बोली लागली नव्हती.