पुलावरून आणि पुलाखालून

आजचा विषय 'नकाशाचा एडिटर' आहे हे कळल्यावर संयोजकांनी मला दोनदा फोन केला. तत्त्वज्ञानाच्या माणसाने गेमबद्दल काय बोलायचं? पण गेलं वर्षभर मी आणि माझी नात मिळून असा एक एडिटर तयार करतोय. म्हणजे लिहिते ती, हरकती घेतो मी. धरणाखाली गेलेलं आमचं गाव तिच्या गेममध्ये यावं, एवढाच माझा स्वार्थ.

आधी वस्तू समजून घेऊ. वरून पाहायचे जे रोल-प्लेइंग गेम असतात, १९८६चा 'ड्रॅगन क्वेस्ट' घ्या, त्यांतली जमीन चौकोनी तुकड्यांची असते. तुकडा म्हणजे टाइल. ही हौस नव्हती, गरज होती. निन्टेंडोच्या त्या यंत्राचं चित्र २५६ बाय २४०, म्हणजे ६१,४४० ठिपक्यांचं. त्याच्या ८ बाय ८च्या टाइल केल्या की ३२ बाय ३०, म्हणजे ९६० जागा होतात, आणि प्रत्येक जागी 'कितवी टाइल' एवढाच एक बाइटचा आकडा ठेवायचा. गवत काढायचं एकदा, पसरायचं हवं तितकं. वैशेषिकांच्या भाषेत, सामान्य एक आणि व्यक्ती अनेक.

घोटाळा इथेच सुरू होतो. २०१५चा 'आरपीजी मेकर एमव्ही' पाहा. त्यात टाइलसंचाचा तक्ता असतो आणि तक्त्यातल्या प्रत्येक टाइलवर खूण करायची: गोल म्हणजे चालता येतं, फुली म्हणजे येत नाही, चांदणी म्हणजे माणूस त्याच्याखालून जाईल. खूण टाइलवर, जागेवर नाही. पाण्याला फुली दिली की त्या संचातलं सगळं पाणी अडवणार. आमच्या नदीला देवळामागे उतार होता, गुडघाभर पाण्यातून पलीकडे जायचे लोक. तो दाखवायचा तर दिसायला तीच असलेली दुसरी टाइल संचात घालावी लागते. म्हणजे व्यक्तीचा गुण सांगायला नवी जात निर्माण करायची! नैयायिकाने कपाळाला हात लावला असता.

जागेवर 'इव्हेंट' ठेवता येतो, हे खरं. पण तो जागेचा गुण नव्हे, तिथे येऊन बसलेला पाहुणा आहे. जागेला स्वतःचा म्हणून एक आकडा देता येतो, 'रीजन' म्हणतात त्याला, १ ते २५५. पण मूळ रचनेत तो कशासाठी? शत्रू कुठे भेटावेत ते ठरवायला. तिथून चालता येईल की नाही हे त्या आकड्यावरून ठरवायचं, तर बाहेरची जोडणी लागते. हा दोष मी किरकोळ मानत नाही. साधनाला जे विचारता येत नाही, ते वापरणाऱ्यालाही हळूहळू सुचेनासं होतं.

उलट टोकाला 'टाइल्ड' नावाचा मुक्त एडिटर. तो चालण्याबद्दल काहीच ठरवत नाही. टाइलचे थर वेगळे, वस्तूंचा थर वेगळा, त्यात चौकटीला न जुमानणारे आकार काढा आणि त्यांना हवे ते गुणधर्म लावा. अर्थ तुमचा गेम लावेल. मला हे प्रामाणिक वाटतं. नातीला आळशी वाटतं, कारण सगळं काम तिच्या गळ्यात. 

त्यात एक सुंदर सोय आहे: कडा किंवा कोपरे जुळवून गवत-पाण्याची काठाची टाइल आपोआप निवडणं. दोनच प्रकार असतील तर चार कोपऱ्यांचे सोळा पर्याय, म्हणजे सोळा टाइल पुरतात. या टाइलना ज्याचं नाव आहे तो हाओ वांग आमच्यातलाच, तर्कशास्त्राचा माणूस. त्याने १९६१मध्ये रंगीत कडांच्या चौकोनांचा प्रश्न मांडला, आणि दिलेल्या चौकोनांनी अनंत प्रतल भरेल की नाही हे ठरवणारी सर्वसाधारण रीतच असू शकत नाही, हे १९६६मध्ये बर्जरने दाखवलं. आमचं गाव अनंत नव्हतं, त्यामुळे निभावलं.

आता पूल. दगडी, कमानींचा. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडलं की बैलगाड्या कमानीखालून जायच्या, वरून बाजारकरी. टाइलला गोल द्या, माणूस पुलावरून चालेल. चांदणी द्या, खालून जाईल. एकाच जागी दोन्ही? एका चौकोनाला एकच उत्तर. 

महिनाभर आमचा वाद चालला. मी म्हणत होतो, जागेला दोन मजले द्या. ते तिने दिले. पण माणूस त्या चौकोनात पोचला की तो कुठल्या मजल्यावर, हे चौकोनाला कसं कळणार? शेवटी तिने 'मजला' हा आकडा चालणाऱ्यालाही दिला. पुलाच्या दोन्ही तोंडांशी एकेक पट्टी, ती ओलांडली की माणसाचा मजला बदलतो. वर की खाली, हा गुण एकट्या जागेचा राहिला नाही. कुठल्या वाटेने आलो, तेही मोजलं गेलं. मी हरलो, आणि आनंदाने हरलो.

फक्त गेम साठवताना हा आकडा लिहायचा ती विसरली. मी पुलाच्या मधोमध गेम बंद केला, दुसऱ्या दिवशी उघडला, तर मी बैलगाड्यांमध्ये उभा.