पार्टिक्युलॅरिझम : एक नांव, दोन पक्ष

‘पार्टिक्युलॅरिझम’ हा शब्द राजकारणांतहि चालतो आणि ईश्वरविद्येंतहि. राजकारणांत त्याचा अर्थ, संघांत राहूनहि प्रांतानें आपले अधिकार सोडूं नयेत हा आग्रह. ईश्वरविद्येंत, तारक कृपा सर्वांसाठीं नसून ईश्वरानें निवडलेल्यांसाठींच आहे हें मत. दोहोंच्या मुळाशीं एकच संकुचित वृत्ति आहे, असें सहज बोललें जातें. आम्हांस तें पटत नाहीं, आणि आमचा साक्षीदार डच प्रजासत्ताकाचा इतिहास आहे.

हें प्रजासत्ताक सात प्रांतांचा संघ होतें. आर्मिनियसच्या अनुयायांनीं १६१० सालीं पांच कलमांचें निवेदन करून, ख्रिस्ताचें मरण सर्व मनुष्यांसाठीं होतें, असें प्रतिपादिलें. कट्टर कॅल्व्हिनपंथीयांस तें पाखंड वाटलें व त्यांनीं साऱ्या प्रांतांची धर्मसभा मागितली. हॉलंड प्रांताचा मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट यानें ती नाकारली : धर्मव्यवस्था ही ज्या त्या प्रांताची बाब, संघाची नव्हे! ४ ऑगस्ट १६१७ च्या ठरावानें हॉलंडनें शहरांस स्वतःची शिबंदी ठेवण्याचीहि मुभा दिली. येथें मौज पाहावी. राजकारणांतला कडवा प्रांताभिमानी ईश्वराच्या दारीं सर्वांस वाव देणारांच्या पाठीशीं. आणि मोजक्यांच्याच उद्धाराचे पुरस्कर्ते संघैक्याचे कैवारी, सेनापति मॉरिसच्या छत्राखालीं! मॉरिसनें शिबंदी मोडली, १६१८ च्या नोव्हेंबरांत डोर्ट येथें धर्मसभा भरली, आणि १३ मे १६१९ रोजीं एकाहत्तर वर्षांच्या त्या वृद्धाचा शिरच्छेद झाला.

मॉटले या अमेरिकन इतिहासकारानें १८७४ सालीं त्याचें चरित्र प्रसिद्ध केलें. तें ओजस्वी आहे खरें. पण लेखक न्यायाधीशाचें आसन सोडून वकिलाच्या जागीं जाऊन बसतो. (ग्रून व्हान प्रिन्स्टरर या डच पंडितानें पुढच्याच वर्षीं मॉरिसच्या बाजूनें उत्तर दिलें.) याच मॉटलेनें १८६१ सालीं अमेरिकेंतील दक्षिणी संस्थानांच्या फुटून निघण्याविरुद्ध लेखणी उचलली होती. तो प्रांतसत्तेच्या कैवाऱ्यापुढें हात जोडतो, याचें कारण आम्हांस एकच दिसतें : त्याला तत्त्व नव्हे, माणूस आवडला. म्हणूनच हॉलंडच्या अधिकाऱ्यांनींहि विरुद्ध मताच्या उपदेशकांस पदावरून दूर केलें होतें, याचा जाच त्याच्या वाचकास फारसा जाणवत नाहीं. उलट डोर्टचे निर्णयहि समजतात तितके कृपण नाहींत. ख्रिस्ताच्या मरणाचें मोल साऱ्या जगाच्या पापांस पुरेल इतकें आहे, असें ते मानतात. फळ मात्र निवडलेल्यांच्याच पदरीं.

ओल्डनबार्नेव्हेल्टचा साथी ग्रोशियस याला जन्मठेप झाली. १६२१ सालीं तो पुस्तकांच्या पेटींत लपून तुरुंगांतून निसटला, आणि चारच वर्षांनीं राष्ट्राराष्ट्रांस बांधणाऱ्या कायद्यावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ या प्रांताभिमान्यानें पॅरिसांत छापविला.