कळ दाबली, कंप थांबला

विज्ञानाच्या तासाला दाखवता येतील अशा चित्रफिती आता सहज मिळतात. त्यांपैकी एक प्रकार बहुतेक शिक्षकांच्या पाहण्यात आला असेल. कंपवाताच्या रुग्णाचा हात थरथरतो आहे, पेल्यातले पाणी सांडते आहे. छातीच्या वरच्या भागात कातडीखाली बसवलेले यंत्र चालू केले जाते आणि काही सेकंदांत हात स्थिर होतो. मेंदूत खोलवर रोवलेल्या बारीक तारेतून विद्युतस्पंद देण्याची ही उपचारपद्धती. अशा बऱ्याच फिती आम्ही पाहिल्या. त्यांत दिसते ते खरेच आहे. आमची तक्रार आहे ती निवडीबद्दल आणि सोबतच्या निवेदनाबद्दल.

कंप सेकंदांत थांबतो. हालचालींतला मंदपणा कमी व्हायला मिनिटे, कधी तासही लागतात. स्नायू पिळवटल्यासारखे आखडणाऱ्या डिस्टोनिया या विकारात पूर्ण परिणाम दिसायला कित्येक आठवडे किंवा महिने जातात. दोन मिनिटांच्या फितीत यांपैकी काय मावणार हे उघड आहे. तोल जाणे आणि बोलणे अस्पष्ट होणे ही लक्षणे मात्र या उपचाराला फारशी दाद देत नाहीत. बोलणे तर कधीकधी अधिकच बिघडते. डोपामीन तयार करणाऱ्या पेशींचा ऱ्हास चालूच राहतो. वर्गातल्या एखाद्या मुलीच्या आजोबांना कंपवात असेल, तर ती घरी जाऊन काय सांगेल याचा विचार फीत लावण्यापूर्वी व्हायला हवा.

उपचाराची खरी किंमत पाहायची तर 2006 साली प्रसिद्ध झालेली जर्मनी-ऑस्ट्रियातील चाचणी पाहावी. तीत 156 रुग्ण होते. निम्म्यांना औषधांबरोबर हा उपचार, उरलेल्यांना फक्त औषधे. सहा महिन्यांनी पहिल्या गटाच्या जीवनमानाचा गुणांक सुमारे एक चतुर्थांशाने सुधारला, दुसऱ्याचा जवळजवळ तसाच राहिला. मात्र पहिल्या गटातील एक रुग्ण मेंदूतील रक्तस्रावाने दगावला. हा लाभ मोठा आहे, पण तो कळ दाबण्याइतका स्वस्त नाही.

निवेदनात हमखास येणारा शब्द म्हणजे ‘मेंदूचा पेसमेकर’. हृदयाचा पेसमेकर चुकलेला ठोका पुरवतो. इथे तसे नाही. कंपवातात सबथॅलॅमिक न्यूक्लियस या मेंदूतील छोट्याशा केंद्रात सेकंदाला साधारण 13 ते 30 आवर्तनांची एक लय वाजवीपेक्षा प्रबळ झालेली आढळते. यंत्र सेकंदाला 130 च्या आसपास स्पंद देते आणि ही लय मोडते, असे दिसते. ताल धरून देणे वेगळे आणि चुकीचा ताल मोडणे वेगळे.

याहून मौजेची गोष्ट निवेदनात येतच नाही. पूर्वी शल्यविशारद थॅलॅमसमधला एक लहानसा भाग जाळून कंप थांबवीत. जागा बरोबर आहे ना हे पाहण्यासाठी आधी तिथे विद्युतस्पंद देत. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे बेनाबिद व सहकाऱ्यांना 1987 च्या सुमारास दिसले, की स्पंदांची वारंवारता 100 हर्ट्झच्या वर नेली की जाळल्याशिवायच कंप थांबतो. एकच जागा, ती नष्ट केली तरी कंप थांबतो आणि उद्दीपित केली तरी थांबतो. हे कसे? या प्रश्नाचे उत्तर अजून पुरते मिळालेले नाही. पेशीचा गाभा शांत होतो पण तिचे लांब तंतू उद्दीपित होतात, असे पुरावे आहेत. बिघडलेला संदेश पुढे जाण्यात अडथळा येतो, असेही मानले जाते. आमच्या मते नववी-दहावीच्या मुलांपुढे हा प्रश्न ठेवला, तर तो तास त्या फितीपेक्षा अधिक रंगेल.

फितीने लागणारी आणखी एक सवय आम्हाला अधिक खटकते: चालू केले, बरे वाटले, म्हणजे सिद्ध झाले. कंपाच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी चालून जाते, कारण परिणाम ठळक असतो आणि यंत्र बंद करताच कंप परततो. नैराश्याचे तसे नाही. 2005 साली टोरँटो येथे हेलन मेबर्ग यांच्या गटाने, इतर कोणत्याही उपायांनी न सुधारलेल्या सहा रुग्णांवर हा उपचार केला; सहा महिन्यांनंतरही चौघांत सुधारणा टिकली होती. आशा वाढली. मग अमेरिकेत मोठी चाचणी झाली. यंत्र 90 जणांना बसवले. 60 जणांचे चालू, 30 जणांचे बंद, आणि कोणाचे काय हे रुग्णांना सांगितले नव्हते. सहा महिन्यांनी चालू गटात 20 टक्के, बंद गटात 17 टक्के रुग्णांना लक्षणीय फरक जाणवला. चाचणी मध्येच थांबवावी लागली. 2017 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन वर्षे पाहणीखाली राहिलेल्यांपैकी सुमारे निम्मे सुधारल्याचेही त्यांत होते. पण पहिल्या सहा महिन्यांनंतर सर्वांचीच यंत्रे चालू केलेली होती. तुलनेसाठी बंद गट उरला नव्हता.