वहिवाट शाफ्टची

एमजीबी ही १९६२ची ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार. बॉनेट उघडल्यावर तिच्या मूळ मांडणीतला शहाणपणा दिसतो. १७९८ सीसीच्या चार सिलिंडरी इंजिनाचे कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट, दोन्ही डाव्या अंगाला. इंग्लंडमधल्या गाडीत ड्रायव्हर उजवीकडे. त्यामुळे स्टिअरिंगचा शाफ्ट थंड, मोकळ्या बाजूनं थेट रॅकपर्यंत उतरतो. आग एका अंगाला, दिशा दुसऱ्या.

रोव्हरचं व्ही-एट इंजिन बसवलं की ही घडी विस्कटते. इंजिन ३५२८ सीसीचं, पण ॲल्युमिनियमचं. म्हणून वजनाला जुन्या लोखंडी इंजिनाच्या जवळपासच. वजन निभावतं, रुंदी निभावत नाही. सिलिंडरांच्या रांगा दोन, एक्झॉस्टही दोन, आणि उजवा नेमका शाफ्टच्या अंगावर.

इथे गॅप मोजायला बोट घालून पाहणं पुरत नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. ॲक्सिलरेटर दाबला की ते उलट्या टॉर्कनं कलतं, उजवी बाजू खाली दबते. शिवाय एक्झॉस्टची अर्धा मीटर पोलादी नळी ५०० अंशांनी तापली तर सुमारे तीन मिलिमीटर वाढते. उभ्या, थंड गाडीत दिसणारी फट चढावर उरेलच असं नाही. स्पर्श झाला नाही तरी धग आहेच: शाफ्टला वळण देणाऱ्या क्रॉस-सांध्यातलं ग्रीस वाळतं, रॅकचे रबरी बूट तडकतात. चांगला फिटर म्हणून दोन धातूंमधली जागा चालत्या गाडीच्या हिशेबानं वाचतो.

एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यानं १९७३ साली एमजीबी जीटी व्ही-एट काढली, तेव्हा एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या, इंजिनाला चिकटून खाली उतरवले. हे उत्तर आटोपशीर, पण आखडलेलं. नळ्यांना ऐसपैस वळणं घ्यायला त्यात जागा नाही. घरी इंजिन बदलणारे कधी नळीला खळगा पाडतात, कधी शाफ्टच तोडून त्यात आणखी एक क्रॉस घालतात. खळग्यानं वायूची वाट अरुंद होते. जादा क्रॉस घातला तर क्रॉसचे काटे एकमेकांशी जुळवावे लागतात. नाहीतर चाक एकाच फेऱ्यात कधी हलकं, कधी जड लागतं. नळीची अडचण अशी ड्रायव्हरच्या हातापर्यंत पोचते.

मला सगळ्यात आवडतं ते १९९२च्या एमजी आरव्ही-एट या एमजीबीच्याच वारसदार गाडीतलं उत्तर. तिथे मॅनिफोल्ड खाली घुसतच नाही. इनर विंगच्या पत्र्याला भोक पाडून तो आडवा बाहेर, चाकाच्या कमानीत जातो आणि मग खाली वळतो. शेताच्या बांधावरली वहिवाट जशी नवा मालक आला तरी मोडत नाही, तशी शाफ्टची सरळ रेघ इथे अबाधित राहते. नव्यानं आलेल्या इंजिनानं आपला रस्ता वेगळा काढायचा. धग इंजिनखोलीबाहेर पडते आणि नळ्यांना मोकळी वळणं मिळतात. ही सूट फुकट नाही. कमानीत चिखल-पाणी नळीवर उडतं, कापलेल्या पत्र्याच्या कडा मजबूत कराव्या लागतात, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर नळीपासून दूर राहतो ना, हेही पाहावं लागतं.

तरीही हे उत्तर मला सरस वाटतं, कारण त्यातला अग्रक्रम स्पष्ट आहे. नळी वाकडी असली तरी धूर बाहेर जातो, पत्रा कापून पुन्हा जोडता येतो. ड्रायव्हरच्या हातापासून चाकापर्यंतच्या साखळीत मात्र प्रत्येक नवा सांधा म्हणजे झिजण्याची आणखी एक जागा. या रचनेतलं सौंदर्य मला नळ्यांच्या वळणांपेक्षा या निवडीत दिसतं: जे सरकवता येतं तेच सरकवलं, आणि ज्यावर जीव अवलंबून आहे त्याला हात लावला नाही.