मचवा, वल्हे आणि वराम

प्रभू येशूने प्रथम ज्या चौघांना हाक मारली ते कोळी होते. त्यांच्या जाळ्यांवर प्रवचने पुष्कळ झाली आहेत. ती जाळी ज्या होडीतून टाकली गेली, तिच्याकडे मात्र आपले लक्ष क्वचित जाते. बायबल सोसायटीच्या परंपरागत मराठी भाषांतरातील या होडीचे शब्द आम्ही मुद्दाम निरखून पाहिले. पुष्कळ ठिकाणी समाधान झाले. एका ठिकाणी तक्रार करावीशी वाटली.

तक्रार आधी मांडतो. मत्तयच्या शुभवर्तमानात जब्दीचे मुलगे ज्यात बसून जाळी नीट करीत होते, त्याला 'तारू' म्हटले आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाने बांधले तेही तारूच! नोहाचे तारू तीनशे हात लांब. आणि गालील सरोवराच्या गाळात १९८६ साली पहिल्या शतकातील जी होडी सापडली, ती सुमारे सव्वाआठ मीटर लांब व सव्वादोन मीटर रुंद. तारू म्हणजे शिडे उभारून दूरच्या सफरीला निघणारे जहाज. पेत्राच्या घरची ऐपत तेवढी नव्हती. लहान नावेला कोकणपट्टीत शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता: साधी होडी, एका खोडातून कोरलेली पगार, तोल राखण्यासाठी बाजूला लाकूड बांधलेली उलांडीची होडी. हेच भाषांतर अन्यत्र 'मचवा' म्हणते, ते अधिक बरे. मचवाही आकाराने थोडा थोरच, पण त्याला निदान मासळीचा वास येतो.

आता समाधानाविषयी. वादळात प्रभू झोपला होता तो कोठे? मार्कच्या चौथ्या अध्यायात भाषांतरकार लिहितो, 'वरामावर'. वराम म्हणजे नावेची पिछाडी, जेथे सुकाणू धरणारा बसतो. पुढचे टोक ती नाळ. संत पौलाचे जहाज फुटले त्या प्रसंगी, प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ मध्ये, हे दोन्ही शब्द येतात आणि कोणता नांगर कोठून सुटतो आहे ते डोळ्यांसमोर उभे राहते. मुंबईतील अमेरिकन मिशनने १८२६ साली मराठी नवा करार छापला. बंदरावरच्या तांडेल-खलाशांचे बोलणे तेव्हापासून भाषांतरकारांच्या कानी पडत आले असावे, असे आम्हांस वाटते. अलीकडच्या सोप्या भाषांतरांचा कल 'मागचा भाग' असे लिहून मोकळे होण्याकडे आहे. मागचा भाग बैलगाडीलाही असतो.

सर्वांत मोलाचा शब्द वल्ह्याचा. मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्य वल्ही मारून हैराण झाले आहेत. मूळ ग्रीक क्रियापद याहून कठोर आहे; छळ, यातना यांसाठी ते वापरले जाते. हिशेब करून पाहावा. संध्याकाळी नाव सरोवराच्या मध्यावर होती आणि प्रभू त्यांच्याकडे आला तो रात्रीच्या चौथ्या प्रहरी, म्हणजे पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान. योहानाच्या मते तोवर अंतर कापले होते पंचवीस-तीस स्तादे, जेमतेम पाच किलोमीटर. वारा समोरचा, अशा वेळी शीड उतरवून ठेवावे लागते आणि सारा भार दंडांवर येतो. 'नौकानयन' किंवा 'नौकाविहार' या शब्दांत ती रात्र मावणार नाही. (नौकाविहार धरणाकाठच्या पाटीवर शोभतो.) 'वल्हवणे' म्हणताच तळहाताचे फोड आठवतात.

आम्ही हे लिहितो ते मुखेडहून, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. येथील श्रोत्यांना हे शब्द कळणार कसे, असा आक्षेप येईल. परंतु शब्द प्रवास करतात. सुकाणू हा मूळचा अरबी खलाशांचा शब्द. आज प्रत्येक तालुक्यात 'सुकाणू समिती' असते आणि तिचा अर्थ कोणी विचारीत नाही. गोदावरीकाठचा भोईसमाज पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगला. सांगड, तराफा हे शब्द मराठवाड्याला परके नाहीत. शिवाय २०२५ च्या ऑगस्टमध्ये लेंडीच्या पाण्याने याच तालुक्यातील रावणगाव, हसनाळ ही गावे वेढली, माणसे दगावली, आणि बचावपथकांना आपल्या होड्या येथे आणाव्या लागल्या. ज्यांनी ती रात्र काढली, त्यांना गालीलचे वादळ समजावून सांगण्यासाठी सोपा शब्द शोधण्याची गरज नाही.

खरी अडचण उलट बाजूस आहे. किनाऱ्यावरच यंत्राच्या होड्या आल्यापासून वल्हे मागे पडले, आणि वराम, परबान, उलांडी हे शब्द वृद्ध नाखव्यांच्या तोंडीच अधिक उरले आहेत. पुढच्या आवृत्तीचे संपादक 'तारू' नोहाकडे ठेवोत आणि पेत्राला त्याची होडी परत देवोत. 'वराम' मात्र त्यांनी काढू नये. समासात एक ओळीची टीप पुरेल.