रिलेट झालं. बरं, पुढे?

पुस्तकांवरच्या रील्सखाली हल्ली एक शेरा हमखास सापडतो: 'खूप रिलेटेबल'. कधी 'फुल्ल रिलेट झालं भावा'. पुस्तक आवडलं नाही तर 'रिलेटच नाही झालं', की विषय संपला. या विशेषणाबद्दल माझी तक्रार आहे. ते इंग्रजी आहे ही तक्रार नाही. टेबल आलं तसं रिलेटेबलही येऊ दे.

इंग्रजीत हा शब्द आधी वेगळं काम करायचा. 'रिलेट' म्हणजे कथन करणं, म्हणून 'रिलेटेबल' म्हणजे सांगण्याजोगं. गुण गोष्टीचा होता. विसाव्या शतकात 'ज्याच्याशी मला नातं जोडता येतं ते' हा अर्थ रुळला आणि गोष्टीचा न्याय माझ्यावरून व्हायला लागला. २०१४ मध्ये अमेरिकी रेडिओ निवेदक आयरा ग्लास यांनी 'किंग लिअर'चा प्रयोग पाहून ट्विट केलं, की शेक्सपिअर काही रिलेटेबल नाही. त्यावर रिबेका मीड यांनी 'न्यू यॉर्कर'मध्ये या शब्दाचीच झाडाझडती घेतली. (लिअरची छाया असलेल्या 'नटसम्राट'ला आपल्याकडे लोक ढसाढसा रडले. त्यातले किती जण म्हातारे नट होते?)

मराठीत येताना शब्द आणखी आळशी झाला. इंग्रजी वाचक निदान 'मी रिलेट करतो' म्हणतो. आपण म्हणतो, 'मला रिलेट झालं'. जसं मला पडसं झालं. आपण करायचं काहीच नाही.

करण्यासारखं काय असतं, हे आपल्याच समीक्षेत सापडतं. न. चिं. केळकरांनी १९२१च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. नाव जड आहे, गोष्ट सोपी: वाचताना आपण दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि त्याच वेळी आपण आपणच आहोत हे भानही सुटत नाही. म्हणजे घर न सोडता दुसऱ्याच्या घरी जाऊन येणं. रिलेटेबलवाल्याला मात्र पात्रानंच त्याच्या खोलीवर यायला हवं असतं.

'कोसला' घ्या. १९६३ची कादंबरी, पण पांडुरंग सांगवीकरचं पुण्यातलं हॉस्टेल, मेस, वडिलांशी न जमणं हे आजही पटकन रिलेट होतं. मीम करायला सोपं. पण धाकटी बहीण मनी देवीने जाते, त्यानंतरची पानं? देवीचा रोग आपल्यापैकी कुणी पाहिलेलाही नाही. तरी पुस्तक मिटल्यावर माझ्याजवळ तीच पानं उरली. मेसचं जेवण केव्हाच विसरले.

आणि 'बलुतं'. दया पवारांचं १९७८चं आत्मकथन: महारवाडा, मुंबईतला कावाखाना, पोटाची आणि मानाची दोन्ही उपासमार. जातीचा चटका न बसलेल्या माझ्यासारख्या वाचकाने हे 'रिलेट नाही झालं' म्हणून बाजूला ठेवलं, तर तो करंटेपणा. पण 'रिलेट झालं' म्हटलं तर मला ते त्याहून वाईट वाटतं. कारण मग दहावीत मार्क कमी पडल्याची माझी लाज आणि गावात लादलेली जातीची लाज एकाच खात्यात जमा होते. माझं काही बिघडत नाही, उलट मी संवेदनशील ठरते.

पवारांनी स्वतःलासुद्धा ही सवलत दिलेली नाही. पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो, ती दया पवारला. दोघं एकच. तरी स्वतःच्याच आयुष्याकडे जाताना त्यांना मधे एक ऐकणारा बसवावा लागला.