पेटीवाला आणि त्याची गाजलेली गाणी : गोविंदराव टेंबे



भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला पेटीची ओळख करून द्यावी लागत नाही. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, रात्री झाडीपट्टीचं नाटक असतं. रंगमंचासमोर बसलेला पेटीमास्तर सूर देतो आणि खेळ सुरू होतो. पहाटे घरी जाताना आपण कोण कसं गायलं, यावर बोलतो. पेटी कोणी वाजवली, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. आज आम्ही हाच प्रश्न घेणार आहोत.

पाश्चात्त्य देशांत लोकप्रिय पियानोवादक म्हटला की त्याचं नाव आणि त्याच्या गाजलेल्या धुना एकदमच आठवतात. मराठी मुलखात पट्ट्यांच्या वाद्यावर तशी कीर्ती मिळवलेलं मोठं नाव म्हणजे गोविंदराव टेंबे. जन्म १८८१, मृत्यू १९५५. कोल्हापुरात वाढलेला हा माणूस पेटी बऱ्याच अंशी स्वतःच शिकला. भास्करबुवा बखल्यांची साथ केली, अल्लादियाखाँसाहेबांचं गाणं मनापासून ऐकलं. त्यांची खरी शाळा म्हणजे हे ऐकणंच, असं आम्हांला वाटतं.

१९११ साली किर्लोस्कर मंडळीनं खाडिलकरांचं ‘मानापमान’ रंगभूमीवर आणलं. त्याच्या चाली टेंब्यांच्या. त्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा बाज नाटकात आणला, आणि बालगंधर्वांच्या भामिनीनं त्या चाली घरोघर पोचवल्या. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर टेंबे तिचे भागीदार होते. दहा वर्षांनंतरही ‘मानापमान’ची जादू ओसरली नव्हती. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र आले, ते याच नाटकात. पुढे बोलपट आला. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त टेंबे स्वतः हरिश्चंद्र झाले, संगीतही त्यांचंच. नाटक असो की सिनेमा, लोकांना गुणगुणायला लावील असं काहीतरी या माणसाजवळ होतं.

आता आक्षेपाकडे वळू. पेटी गात नाही, असं जाणकार म्हणतात. तिच्या सप्तकात बाराच पट्ट्या, प्रत्येकीचा सूर आधीच ठरलेला. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही, श्रुतींचे बारकावेही निघत नाहीत. पियानोचा सूर वाजताच विरू लागतो, पेटीचा सूर भाता हलतो आहे तोवर टिकतो, एवढा फायदा तिला जरूर आहे. पण अडचण तीच. याच कारणानं १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली, आणि ती तीसएक वर्षं टिकली. म्हणजे टेंब्यांच्या आयुष्याची शेवटची पंधरा वर्षं त्यांच्या वाद्याला रेडिओवर जागा नव्हती.

आक्षेप वाद्यापुरता खरा आहे. आम्ही तो नाकारत नाही. पण वाद्याची मर्यादा ती वाजवणाऱ्याची मर्यादा, असं मानणं ही विचारातली चूक आहे. जे आपल्या वाद्यावर निघत नाही ते नेमकं कुठे आहे, हे चांगल्या पेटीवाल्याला इतरांपेक्षा जास्त कळतं. टेंब्यांच्या चालींत गायकासाठी मोकळी जागा आहे. पेटीनं सुरांची वाट दाखवायची, त्या सुरांच्या मधलं गळ्यानं भरायचं. बालगंधर्वांनी ते भरलं. म्हणून चाल टेंब्यांची आणि आठवण गंधर्वांची, असं झालं. यात अन्याय आहे का? थोडा आहे. पण चालीचं यशही त्यातच आहे.

दोष सांगायलाच हवा. ही मोकळी जागा नाटकाला महाग पडली. गाणं लांबत गेलं, ‘वन्समोअर’ वाढले, पात्रं ताटकळत उभी राहिली आणि कथा खोळंबली. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’मध्ये, १८८० साली, पद हे बरंचसं संवादाचं काम करत होतं. ‘मानापमान’नंतर संवाद पदाची वाट पाहू लागला. याचा सगळा भार टेंब्यांवर टाकता येणार नाही. गायक होते, तिकीट काढून आलेला प्रेक्षकही होता. पण दार त्यांनी उघडलं, हे मान्य केलं पाहिजे.

हा विषय आज का घेतला? आपल्या झाडीपट्टीत आता सिंथेसायझर आला आहे. त्याला आमची हरकत नाही. पेटी तरी कुठे आपली होती, तीही परदेशातूनच आली. प्रश्न वेगळा आहे. गाणाऱ्या नटाचा दम कमी पडला तर पेटीमास्तर सूर धरून थांबतो. नट पट्टी सोडून गेला तर त्याला हळूच परत आणतो. आधी भरून ठेवलेला ठेका कोणासाठी थांबत नाही. वाद्य बदललं तर बदलू द्या, पण त्यामागे ऐकणारा माणूस बसला पाहिजे.

टेंब्यांनी १९३९ साली ‘माझा संगीत व्यासंग’ हे पुस्तक लिहिलं. मिळालं तर जरूर वाचा. आणि यंदाच्या मंडईत नाटक पाहाल तेव्हा पेटीमास्तराचं नाव विचारून या. पुढच्या व्याख्यानाची सुरुवात आपण त्या नावांनीच करू.